कारणाचा रकाना

माझे वडील एकतीस वर्षं तुरुंगात होते. शाळेत कुणी विचारलं की मी "बाबा तुरुंगात असतात" एवढंच मुद्दाम टाकायचे आणि समोरच्याने आ वासला की मग सावकाश सांगायचे, "नोकरीला. कंपाउंडर आहेत." बाबांना ही गंमत अजिबात आवडायची नाही. आई मात्र म्हणायची, "खोटं काय आहे त्यात? सुट्टी तरी कुठे मिळते त्यांना!"

बाबा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. कधी कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. तुरुंगाचा दवाखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन खाटा, काचेचं कपाट, गळका नळ आणि दाराशी बाक. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, तेही घड्याळ बघत. बाकीचे दिवस बाबाच डॉक्टर. पट्टी इतकी सुरेख बांधायचे, की लहानपणी गुडघा फुटला तर मी रडायचं विसरून बघत बसायचे.

टेबलावर इजांची नोंदवही असायची. तारीख, कैद्याचा क्रमांक, बराक, इजा आणि शेवटचा रकाना कारणाचा. नोकरीच्या पहिल्याच दिवशी जुन्या कंपाउंडरने बाबांना शिकवून ठेवलं होतं, की या रकान्यात तीनच गोष्टी लिहायच्या: न्हाणीघरात घसरला, दार लागलं, खाटेवरून पडला. आता गंमत अशी, की बराकीत खाटाच नव्हत्या. माणसं जमिनीवर सतरंजी टाकून झोपायची. तरी एकतीस वर्षांत शेकडो माणसं खाटेवरून पडली आणि तपासणीला आलेल्या एकाही साहेबाने विचारलं नाही, की बाबांनो, कुठली खाट?

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. एका बराकीत ऐंशी माणसं आणि बाहेर पहाऱ्याला दोन शिपाई. मग आतली व्यवस्था कोण बघणार? म्हणून जुन्या कैद्यांपैकी एकाला मुकादम करायचे, कमरेला पट्टा द्यायचे. मुकादमाने बराक शांत ठेवायची आणि त्याच्या बदल्यात आत तो काय करतो हे कुणी विचारायचं नाही. नव्याने आलेल्या माणसाने कुठे झोपायचं हे मुकादम ठरवायचा. चार नंबर बराकीच्या मुकादमाला जो पसंत पडेल त्याची सतरंजी त्याच्या शेजारी. शिपायांच्या चहाच्या खोलीत यावर विनोद चालायचे. "आज चार नंबरात लग्न आहे," असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे.

"तुम्हीपण?" मी विचारलं.

बाबा तेव्हा भाजी निवडत होते. निवृत्तीनंतर हे सगळं त्यांनी मला असंच, कामात काम, तुकड्या-तुकड्याने सांगितलं. "मोठ्याने नाही हसलो कधी," ते म्हणाले. त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. अजूनही मला त्यांचा राग येतो, आणि ते माझे बाबा आहेत म्हणून तो धड करताही येत नाही.

निवृत्तीला आठ महिने राहिले असताना चार नंबर बराकीत एक फरशी बसवणारा आला. सव्वीस वर्षांचा, किडकिडीत, बोटं सिमेंटने खाल्लेली. कंत्राटदाराचा माल चोरल्याचा आळ होता. खटला उभा राहायचा होता, म्हणजे तोवर आत. घरचं माणूस म्हणाल तर एक मोठी बहीण, ती दर भेटीच्या दिवशी यायची. सगळे त्याला फरशीवालाच म्हणायचे.

महिन्याभरात तो तिसऱ्यांदा दवाखान्यात आला. पहिल्या दोन वेळांना बाबांनी ठरलेलं लिहून टाकलं होतं. तिसऱ्यांदा त्याला बाकावर नीट बसताही येत नव्हतं. बाबांनी औषध लावलं, वही ओढली आणि सवयीने "न्हाणीघरात" एवढं लिहिलंसुद्धा.

फरशीवाला म्हणाला, "साहेब, मी बारा वर्षं फरशा बसवतोय. त्या न्हाणीघरातली फरशी मी बघितलीय. खरबरीत आहे. तिच्यावर घसरायचं म्हटलं तरी घसरता येत नाही."

बाबांना हसू आलं. तो हसला नाही. मग त्याने खाली बघत सगळं सांगितलं. मुकादम काय करतो, आणखी दोघांना कसं बोलावतो, ओरडलं की शेजारचे कसे कूस बदलून झोपतात. शेवटी म्हणाला, "मला न्याय वगैरे नको. मला दुसऱ्या बराकीत टाका. एवढंच करा."

एवढंच करणं बाबांच्या हातात होतं. दवाखान्यातून चिठ्ठी गेली, की या रुग्णाला अमुक बराकीत ठेवू नये, तर कचेरीला त्यावर काहीतरी करावं लागायचं. नियम होता. एकतीस वर्षांत बाबांनी तो वापरला नव्हता.

तो शुक्रवार होता. बाबांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही लिहा, मी सही करतो. फक्त मला वाचायला लावू नका."

बाबांनी "न्हाणीघरात" खोडलं. खऱ्या कारणाचं एक वाक्य लिहिलं, मुकादमाच्या क्रमांकासकट. मग चिठ्ठीही तशीच लिहिली. डॉक्टरांनी सही ठोकली आणि ते निघून गेले. बाबांनी चिठ्ठीची घडी घातली आणि कचेरीच्या तबकात ठेवली.

तुरुंगात ते तबक कसं चालायचं, हे सांगायला हवं. दुपारी बाराला प्रत्येक बराकीचा मुकादम दवाखान्यात यायचा, आपल्या बराकीची औषधं घ्यायचा आणि आपल्याच बराकीचे कागद उचलून कचेरीत पोचवायचा. शिपायांची पायपीट वाचावी म्हणून कधीकाळी कुणीतरी लावलेली पद्धत. पाकिटं नव्हती. चार नंबरचा कागद, चार नंबरचा मुकादम.

बाकावर बसलेल्या फरशीवाल्याने ते बघितलं. तो अर्धवट उठला. "साहेब, ती चिठ्ठी..."

"काळजी करू नकोस," बाबा म्हणाले, "आजच जाईल."

आणि ते कपाटाकडे वळले. बाराला मुकादम आला, खोकल्याचं औषध घेतलं, कागद उचलले, "येतो साहेब" म्हणाला आणि गेला. जाताना फरशीवाल्यालाही बरोबर घेऊन गेला.

मला त्या दिवसाची संध्याकाळ आठवते. बाबा शीळ घालत घरी आले होते. आई म्हणाली, "बढती मिळाली की काय?" ते म्हणाले, "एक चांगलं काम झालं आज." त्यांनी पोटभर जेवण केलं. अंथरुणावर पाठ टेकली आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"बाबा, कचेरी किती लांब होती?" हे ऐकताना मी विचारलं.

"साठ पावलं."

"मग तुम्ही स्वतः का नाही गेलात?"

"एकतीस वर्षं कागद तबकातच ठेवत आलो ग," ते म्हणाले. "हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. बाबांना वाटलं होतं चिठ्ठी गायब झाली असेल. छे! चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर होती आणि मुकादम बाजूला हात बांधून उभा होता. साहेबांनी बाबांना बसायला सांगितलं, चहा मागवला. आवाजही चढवला नाही. म्हणाले, "ही चिठ्ठी यानेच आणून दिली. स्वतःच्या विरुद्धची! याच्या मनात पाप असतं तर आणून दिली असती का?"

बाबांनी चहाचा कप उचलला.

"त्या पोराला बराक बदलून हवी असेल," साहेब पुढे म्हणाले. "सगळ्यांनाच हवी असते. एकाचं ऐकलं की उद्या ऐंशी जण रांगेत. तुमचे आठ महिने राहिलेत. नोंदवहीचं ते पान जरा खराब झालंय, नीट लिहून काढा."

बाबांनी चहा संपवला आणि पान नीट लिहून काढलं. त्यांचं अक्षर चांगलं होतं.

त्यानंतर फरशीवाला दवाखान्यात आला नाही. एकदाही नाही. आठवड्याने बाबांना तो जेवणाच्या रांगेत दिसला. डावा हात छातीशी धरलेला, मनगट सुजलेलं. बाबांनी हाक मारली, "ये रे, बघतो."

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. त्याने बाबांकडे बघितलंही नाही.

चार नंबरातून दुसरंही कुणी येईना. आतल्या सगळ्यांना कळलं होतं, की दवाखान्यात बोललेलं कुठे जातं. तिमाही तपासणीला वरचे साहेब आले तेव्हा चार नंबरापुढे इजा शून्य होत्या. त्यांनी शेरा लिहिला, "समाधानकारक सुधारणा," आणि बाबांची पाठ थोपटली.

मग एका भेटीच्या दिवशी ती बहीण बाबांना फाटकाशी गाठून म्हणाली, "काका, तुम्हीच ना दवाखान्यातले? माझा भाऊ सुरुवातीला सांगायचा, कंपाउंडर भला माणूस आहे. आता तीनदा आले, तो भेटायला बाहेरच येत नाही. जरा निरोप द्याल? म्हणावं, ताई उभी आहे."

बाबा चार नंबरच्या गजांपर्यंत गेले. बराक अर्धी रिकामी होती, माणसं कामावर गेली होती. फरशीवाला कोपऱ्यात मुकादमाचे कपडे घडी करत बसला होता.

"तुझी बहीण आलीय," बाबा म्हणाले.

तो लगेच उठला. क्षणभर बाबांना बरं वाटलं. पण तो दाराकडे आला नाही. सतरंजीवर लोळत पडलेल्या मुकादमाकडे वळून त्याने हळूच विचारलं, "जाऊ?"

मुकादमाने बाबांकडे बघितलं, हसला आणि म्हणाला, "आज नको."

फरशीवाला खाली बसला आणि त्याने पुढचा सदरा उचलला.

बाबांच्या अंगावर सरकारी गणवेश होता. किल्ल्यांचा जुडगा घेतलेला शिपाई दहा पावलांवर उभा होता, त्यानेही सगळं ऐकलं होतं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. शिपायाने मान दुसरीकडे वळवली. मग बाबा परत फाटकाशी आले.

"त्याला जरा ताप आहे," ते बहिणीला म्हणाले. "झोपलाय. औषध दिलंय मी."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "तुम्ही आहात म्हणून जिवाला घोर नाही हो काका," ती म्हणाली. तिने बाबांचे दोन्ही हात हातात घेऊन पुन्हा पुन्हा आभार मानले, आणि ती वळेपर्यंत बाबांनी आपले हात सोडवून घेतले नाहीत.