तिसऱ्या पंगतीचा माणूस

बाळांनो, एकच क्रेडिट कार्ड पुन्हा पुन्हा काढून बोनस घेतला म्हणून विमान कंपनीने तुमचं मैलांचं, म्हणजे फुकट तिकिटासाठी साठवायच्या गुणांचं, खातं बंद केलं, हे परवा फोनवर ऐकलं आणि मला एक माणूस आठवला. म्हणून हे लिहिते.

तुमचे बाबा तिकडे परदेशात नवे होते तेव्हा त्यांना मेल करायला मी नालवाडीहून शहरातल्या सायबर कॅफेत जात असे. शेजारच्या खुर्चीवर एक कापड दुकानदार बसायचा. कळफलकाला हात लावण्याआधी तो बोटं सदऱ्याला पुसायचा.

एके दिवशी म्हणाला, "बाई, इंग्रजीत अर्ज लिहून द्या. विमानवाल्यायनं माहं खातं बंद केलं."

त्यानेही तीनदा तेच कार्ड काढलं, बंद केलं आणि दर वेळी बोनसचे मैल घेतले. म्हाताऱ्या आईला एकदा विमानात बसवायचं होतं.

"नियम वाचले नाहीत का?"

"लग्नात तीनदा पंगतीले बसलं तर कोणी ताट ओढते का, बाई?"

मला हसू आलं. "मग चुकून झालं, असं लिहू?"

"नाई, नाई! तीनदा जेवलो, असंच लिहा. फक्त म्हना, पहिल्या पंगतीचं ताट, म्हंजे पहिल्या खेपेचे मैल, माह्या मायले वाढा. तेवढ्यात तिचं तिकीट होते."

पंगत काही इंग्रजीत उतरली नाही. बाकी सगळं मी लिहिलं. पुढे तो दिसला नाही. त्याची आई विमानात बसली का, हे मला अजून जाणून घ्यायचं आहे.

अर्जाची नक्कल माझ्या निळ्या फाइलीत आहे; तुम्हाला अर्ज लिहायचा असेल तर पाठवते. त्यात एकही वाक्य खोटं नाही.