चऱ्हाटात बांधलेला पखवाज

पुण्याच्या कॉलेजात संगीताला प्रवेश हवा असेल तर आपलं वाद्य घेऊन या आणि वाजवून दाखवा, असं फॉर्मवर छापलं होतं. छापणाऱ्याचं काय जातं? मार्गासनीजवळच्या आमच्या वस्तीवर पखवाज एकच, आणि तोही भजनी मंडळाचा. मी त्याच्यावरच शिकले, पण तो माझा नव्हता. मंडळाचे मुख्य गायक असलेल्या बुवांनी तर सुरुवातीला "पोरीच्या जातीला पखवाज कशाला?" म्हणून तोंड वाकडं केलं होतं. देवळात बैठक बसली. बराच खल झाला आणि शेवटी बुवाच बोलले.

"ने. तुला घेतलं तर ठेव तुज्यापाशी. न्हाई घेतलं तर दुसऱ्या दिशी परत आण. आन् वाजवाय न्हाई आलं तर वाद्याला बोल लावू नगं."

म्हणजे मला प्रवेश मिळाला तर मंडळाच्या एकादश्या नुसत्या टाळांवर जाणार होत्या. हे सगळ्यांना कळत होतं आणि तरीही त्यांनी तो दिला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग तो न्यायचा कसा, यावर माणसं दहा आणि मतं अकरा. मी मोबाईलवर कडक पेटीत ठेवलेल्या वाद्याचा व्हिडिओ दाखवला. तो बघून आमचे आबा म्हणाले, "आंबं काय पेटीत पिकत्यात व्हय? पेंढ्यात पिकत्यात." आंबे आणि पखवाज यांचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. ते माझे वडील, आणि वस्तीवर ओझं बांधावं तर त्यांनीच.

बुवांनी स्वतः हातोडीने ठोकून पखवाजाच्या चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे उतरवले. पावसाळी हवेत ताणलेलं कातडं प्रवासात दगा देतं, हे त्यांचं म्हणणं मात्र खरं होतं. मग पखवाजाला आईची जुनी गोधडी, तिच्यावर खताची रिकामी प्लास्टिकची पिशवी, भोवती भाताचा पेंढा, आणि वरून गोणपाट. आबांनी घायपाताचं चऱ्हाट बादलीत भिजवलं आणि करकचून गाठी मारल्या. भिजवून बांधलं की वाळताना गाठ आवळते. गवताचा भारा वेल्ह्याच्या बाजारापर्यंत सुटत नाही. माझं ओझं बाजारात नाही, परीक्षेत सोडायचं आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

आईने पिठाचा डबा पुढे केला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक लावतात, तेव्हाच तो घुमतो. "पुण्यात पीठ मिळतं," मी तिरसटपणे म्हटलं. तिने डबा पिशवीत कोंबला.

एसटीत कंडक्टरने गोणपाटाकडे बघून विचारलं, "कोंबड्या न्हाईत ना?" पखवाज आहे म्हटल्यावर त्याने आपल्या बाकाजवळ जागा करून दिली आणि स्वारगेटपर्यंत कुणाचा पाय लागू दिला नाही.

कॉलेजात माझ्याआधीच्या मुलांनी चेन ओढून वाद्यं बाहेर काढली. माझं नाव पुकारलं, मी गोणपाट उचलून आत नेलं आणि गाठीला हात घातला. गाठ नव्हे, दगड होता. नखं तुटली. दात लावले. समोर तीन परीक्षक, आणि शिपाई कात्री शोधायला गेला तो गेलाच. मधल्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "पुढच्या मुलाला बोलवू का?"

मला रडू फुटणार होतं, पण त्याआधी राग आला. आबांचा, चऱ्हाटाचा, माझा स्वतःचा. आणि रागातच आठवलं की आबा आवळलेली गाठ कधी ओढत नाहीत. दगडावर ठेवून चारी अंगांनी ठेचतात. सूर लावायची हातोडी तर पिशवीत होतीच. मी फरशीवर बसले, गाठ वाद्यापासून बाजूला ओढून फरशीवर टेकवली आणि ठोकायला लागले. परीक्षक बघत राहिले. पाचव्या-सहाव्या ठोक्याला दोर ढिला पडला, पहिली गाठ सुटली, मग दुसरी, आणि सगळा पेंढा त्या चकचकीत खोलीभर पसरला.

आत पखवाज जसाच्या तसा होता. एक ओरखडा नाही. माझा जीव भांड्यात पडला. गठ्ठे चढवले, सूर लावला. आता पीठ आणायला कुठं जायचं, असं मनात येतंय तोवर हात आपोआप आईच्या डब्याकडे गेला. पाण्याच्या बाटलीतल्या पाण्याने तिथंच कणीक भिजवली आणि मनातल्या मनात आईची माफी मागितली.

वाजवताना पहिली थाप पडली आणि मला कळलं, हे आता मला कुणी नाकारू शकत नाही. हे गर्वाने सांगते आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. वाजवून थांबले तेव्हा घड्याळ बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा वाजव." पुन्हा वाजवताना मी हसत होते. संध्याकाळी लागलेल्या यादीत माझं नाव सगळ्यात वर होतं. खोलीतला पेंढा मीच झाडला आणि मूठभर हॉस्टेलवर घेऊन गेले.

आबांना फोन केला. त्यांनी आधी पखवाजाचं विचारलं, मग माझं.

पुढच्या एकादशीला संध्याकाळी फोन आला. मंडळ देवळात बसलं होतं, फोन लाऊडस्पीकरवर विठोबापुढे ठेवला होता. "तू तिकडनं वाजव, आमी हितनं म्हनतो," आबा म्हणाले. मी कणीक लावून बसले. पण आवाज पोचायला वेळ लागत होता. माझी सम तिथं पोचेपर्यंत ते पुढच्या ओळीवर, आणि टाळ कुठल्या कुठं. दोनदा सुरू झालं, दोनदा फसलं. तिकडे हशा, इकडे मी वैतागलेली.

मग बुवांचा आवाज आला. "थांबा रं सगळी. टाळ खाली ठिवा."

टाळ फरशीवर टेकल्याचे आवाज आले.

"आज भजन न्हाई," बुवा म्हणाले. "आज पोरगी वाजवल, आन् आपन ऐकायचं."