ताण तुटल्यानंतरच्या तीन सकाळी

नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांना डिसेंबरभर पाणी देत नाहीत. त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानलं की बहार चांगला येतो. जानेवारीत खत टाकून पहिलं पाणी सोडलं की ताण तुटतो. पण कोरड्या मातीला पाणी आणि खत एकदम मिळालं की ती एक वायू सोडते. तो हवा तापवतो, आणि शेतकऱ्याचं थोडं खतही त्याच्या रूपानं उडून जातं. कडाक्याच्या थंडीत तो कमी सुटतो का, हे मला मोजायचं होतं. मातीवर पेटी उपडी घालायची, आतली हवा सुईनं ओढून शिशीत भरायची आणि शिशा नागपूरला तपासायच्या. पाण्यानंतरच्या तीन सकाळी महत्त्वाच्या. त्या वर्षातून एकदाच येतात.

गेल्या हिवाळ्यात नेमकी तेव्हाच मी तापानं फणफणले. माझा सहकारी, दहा वर्षं माझ्या डब्यात जेवलेला मित्र, म्हणाला, "तू पडून राय वं. मी जातो ना." तिन्ही दिवसांच्या शिशा त्यानं तारखा घालून आणल्या, वर माझ्यासाठी संत्र्यांची पिशवी. शिशांत वायू जवळजवळ नव्हताच. थंडीनं माती गप्प बसवली म्हणून मी, खोटं कशाला बोलू, हुरळून गेले. ज्यांच्या बागेत हे मोजमाप चालायचं, त्या काकू दरवर्षी खत दोनदा विभागून टाकायच्या. यंदा त्यांना मी छातीठोकपणे सांगितलं, "थंडी आहे तोवर पाणी सोडा आणि खत एकदमच टाका. काही उडत नाही."

त्यांनी टाकलं. दुसऱ्या सकाळी मी ओल्या आळ्यांत पेट्या लावत होते, काकू शाल गुंडाळून शेजारी उभ्या होत्या.

"यंदा पाण्यानंतर आल्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "मागच्या साली तुमचे सर पाण्याच्या आदल्याच दिवशी साऱ्या शिशा भरून घेऊन गेले. म्हणे, एवढ्या थंडीत तीन-तीन दिवस कोण येईल. मले वाटलं, तसंच असते."

म्हणजे मी वर्षभर मिरवत होते ती कोरड्या मातीची हवा होती.

बांधावरूनच त्याला फोन लावला. त्यानं नाकारलंसुद्धा नाही. "काहून एवढं मनावर घेऊन राहिली वं? वायू कोणाले दिसते?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्याला चार शिव्याही हासडल्या नाहीत, याचा मला अजून राग येतो. आणि ती संत्री मी किती कौतुकानं खाल्ली होती.

काकूंना सगळं सांगितलं. त्यानं कसं फसवलं, किती वर्षांची मैत्री होती, मी बोलतच राहिले. त्या आळ्यातल्या ओलीकडे बघत होत्या. यंदाचं सगळं खत त्यांनी तिथं एकदमच टाकलं होतं.

माझं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे ताई, तुम्ही सोता काही पाह्यलंच नव्हतं?"