राक्षसिणीची कवळी

गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या खोलीत बसून जो माणूस दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवतो, तोच राक्षसांच्या, चेटकिणींच्या आणि भित्र्या भुतांच्या हसवणाऱ्या कादंबऱ्या लिहितो, हे गल्लीतल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. उरलेल्या निम्म्यांना माहीत आहे, आणि तरीही ते त्याच्याकडूनच दात करून घेतात. याला धाडस म्हणावं की आंधळा विश्वास, हे ज्याने त्याने ठरवावं. लोक त्याला कवळीवाला म्हणतात. पुस्तकावर त्याचं नाव असतं, पण ते कुणी वाचत नाही. पुस्तकावर राक्षसिणीचं चित्र असतं ना, लोक ते बघतात.

खोली एवढीशी. एका फळीवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने आ वासून बसलेले. टेबलावर मेण वितळवायचा दिवा, दात जुळवून बघायचा बिजागरीचा लोखंडी जबडा आणि पॉलिशचं चाक. ते चाक फिरलं की गुलाबी भुकटी उडते आणि कवळीवाल्याच्या भुवयांवर जाऊन बसते. दाताच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, हा दात लावून परत पाठवतो. असं वर्षानुवर्षं चाललेलं.

कादंबऱ्यांचं खूळ शिरलं ते त्याच्या स्वतःच्या तोंडातून. चाळिशीतच त्याच्या हिरड्यांनी हात वर केले. डॉक्टरीणबाईंनी सगळे दात काढले आणि म्हणाल्या, "आता तुमची कवळी तुम्हीच करा, मला का त्रास?" त्याने केली. पण स्वतःच्या तोंडाचं काम म्हटलं की कुणाचाही हात थोडा ढिला पडतो. दात जरा मोठेच झाले. ते लावून त्याने बायकोकडे पाणी मागितलं, तर तोंडातून असा भरदार, फुगलेला आवाज निघाला की एखादा राजा फर्मान सोडतोय.

"जी महाराज," बायको म्हणाली, आणि हसून हसून खाली बसली. पाणी काही तिने दिलं नाही.

त्या दिवशी त्याची पहिली कादंबरी सुरू झाली, आणि त्याच दिवशी त्याच्या लिहिण्याची पद्धतही ठरली. आधी पात्राचे दात करायचे, मग ते स्वतःच्या बोळक्यात बसवायचे, आरशापुढे उभं राहायचं आणि पात्र काय बोलतंय ते ऐकायचं. राजाचे दात इतके मोठे की तोंड मिटतच नाही, म्हणून राजा बोलायचा थांबत नाही. भुताची कवळी सैल, शब्दाशब्दाला शिट्टी वाजते, त्यामुळे ते कुणाला घाबरवायला गेलं की लोक उठून गॅस बंद करतात. प्रधानाचे दात इतके सरळ आणि पांढरेशुभ्र की त्या तोंडातून खरं काही बाहेर पडणं शक्यच नव्हतं. या मंडळींच्या राज्यात जादू फक्त कचेरीच्या वेळात चालते. बेडूक केलेला माणूस जेवणाच्या सुट्टीत माणूस होतो, डबा खातो, हात धुतो आणि मुकाट्याने परत बेडूक व्हायला रांगेत उभा राहतो.

असलं लिहिणाऱ्या माणसाशी संसार करायचा म्हणजे सोपं नव्हे. बायको रोज सकाळी आधी विचारायची, "अहो, आज कोण आहात?" आणि उत्तराचा आवाज ऐकून चहात साखर किती घालायची ते ठरवायची. प्रधान असला तर ती साखर घालायचीच नाही.

पण खरी मजा आली राक्षसिणीमुळे. तिची कवळी जुळवताना, उजवीकडचा सुळा मऊ मेणात बसवता बसवता कवळीवाल्याला सणसणीत शिंक आली आणि सुळा तिरका झाला. नंतर नीट करू म्हणून त्याने कवळी तशीच तोंडात घालून बघितली. जो आवाज आला तो ऐकून आतल्या खोलीतून बायको ओरडली, "कोण आलंय हो?" आवाज जाड होता, संथ होता. त्याला कशाची घाई नव्हती आणि त्याने जन्मात कुणाची माफी मागितलेली नव्हती. "हल्लीच्या राजपुत्रांना चव म्हणून राहिली नाही," तो आवाज म्हणाला. "नुसते व्यायाम करतात." कवळीवाला आरशापुढे गार पडला. सुळा नीट करायचा बेत त्याने तिथल्या तिथे सोडून दिला.

त्यानंतर सगळ्या पुस्तकांचा भार राक्षसिणीनेच उचलला. राजा जगला काय, मेला काय, वाचकांना सोयरसुतक नव्हतं. त्यांना राक्षसीण पाहिजे होती. आणि आता मालिकेचा शेवटचा भाग आला होता, त्यातलंही शेवटचं प्रकरण. राजाला राक्षसिणीची गुहा पाहिजे होती, तिथे त्याला अंघोळीचा हौद बांधायचा होता. त्याने भर दरबारात तिला सांगितलं की गुहा सोड, राजवाड्याच्या मागच्या बाजूला एक खोली देतो, तिथे गपचूप राहा, मिळेल ते खा. सगळा दरबार श्वास रोखून बसला. आता राक्षसीण काय म्हणते?

कवळीवाल्याने टेबलावरच्या पाण्याच्या वाडग्यातून कवळी उचलली, तोंडात घातली, आरशापुढे उभा राहिला, छाती भरून घेतली आणि बोलला.

"माफ करा हं, तुम्हाला उगीच त्रास."

राक्षसीण माफी मागत होती! कवळीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने कवळी बाहेर काढून उजेडात धरली. दात सरळ, लहान, शहाण्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी एका आजीबाईंसाठी सांगितलेली ती कोरी कवळी होती. टेबलावर दोन वाडगे शेजारी शेजारी होते आणि डॉक्टरीणबाईंकडे पाठवायची कवळी डबीत भरताना त्याने भलत्याच वाडग्यात हात घातला होता. आजीबाईंचं आणि त्याचं जबड्याचं माप म्हणजे जुळी भावंडं, तेव्हा कवळी बसली नाही म्हणून परत येण्याचीही आशा नव्हती. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या खूश. "इतकी फिट कवळी आजवर तुम्ही दिली नव्हती हो," म्हणाल्या. यावर काय बोलणार? जीभ चावायची म्हटली तर तोंडात दात नव्हते.

मग त्याने नवी कवळी करायला घेतली. दात तेच, मेण तेच, पण तिरका सुळा म्हणजे त्या शिंकेची करामत, आणि शिंक काही साच्यातून काढता येत नाही. त्याने तपकीर ओढली. मिरपूड हुंगली. शेवटी बायको पीस घेऊन त्याच्या नाकाशी बसली आणि तो मेणात सुळा धरून वाट बघत राहिला. शिंका आल्या, ढीगभर आल्या. पण एका कवळीतून चिडलेला बस कंडक्टर बोलला, एकीतून बोकड, आणि एकीतून तर हुबेहूब बायकोची आई. ती कवळी बायकोने उचलून कपाटात ठेवून दिली आणि पीस टाकून उठली.

"पुरे झालं," ती म्हणाली. "जाऊन मागून आणा सरळ."

"काय सांगू? तुमच्या तोंडात माझी राक्षसीण गेलीय?"

प्रकाशक रोज फोन करायचा. "काय म्हणाली राक्षसीण?" "अजून गप्पच आहे," कवळीवाला सांगायचा, आणि फोन ठेवला की त्याला खरंच रडू यायचं. आपल्या हातून ती मुकी झाली, हे त्याला सहन होत नव्हतं. पुस्तक अर्धवट राहील याचं दुःख होतंच, पण ती भर दरबारात तशीच उभी आहे, सगळे तिच्याकडे बघताहेत आणि तिला उत्तर देता येत नाही, या विचाराने त्याला घास गिळवेना.

अशात एके दिवशी दुकानात एक धिप्पाड माणूस घामाघूम होऊन शिरला. सोफ्यांचा व्यापारी, आणि त्या आजीबाईंचा मुलगा.

"अहो, तुम्ही काय केलंत हे? आई बोलायला लागली!"

"कवळीचं कामच ते," कवळीवाला जपून म्हणाला.

"तसं नाही हो. नाही म्हणते! आजवर कधी म्हणाली नव्हती. गार चहा परत पाठवला. माझे साडू आले होते, त्यांना म्हणाली, आता निघा, मला कंटाळा आला. दात बसले नाहीत नीट, दुसरं काय?"

"बसले नाहीत?"

"फारच बसलेत!"

मग त्याने खरं काय ते सांगितलं. घर आजींचंच. पुढची खोली मोठी, उजेडाची, त्यात त्या राहायच्या. मुलाला तिथे सोफे ठेवायचे होते आणि आईला मागच्या खोलीत हलवायचं होतं. "काय वाईट आहे? खिडकी नाही, पण वेळच्या वेळी जेवण मिळेल. गपचूप पडून राहायचं. उद्या सोफ्यांची गाडी येणार, आणि ही नको म्हणते! तुमच्याकडे तिचे खरे दात असतील तर ते बसवा आणि हे राक्षसी दात घेऊन जा."

राक्षसी हा शब्द कानावर पडताच कवळीवाल्याने पुढचं काही ऐकलंच नाही, असं आपण म्हणू. ऐकलं असतं तर त्याला आपल्याच पुस्तकातला राजा समोर उभा दिसला असता. पण माणूस गरजू असला की सोयीपुरता बहिरा होतो. त्याने शहाणी कवळी डबीत घातली, डबी खिशात टाकली आणि तो चालू लागला.

आजीबाई पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी एक नवाकोरा सोफा प्लास्टिकमध्ये गुंडाळून आधीच येऊन पडला होता.

"या," त्या म्हणाल्या. "सोफ्यावर बसू नका, विकायचाय असं माझा मुलगा म्हणतो. म्हणून सांगते, सोफ्यावरच बसा."

कवळीवाल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच आवाज, जाड, संथ. आरशाशिवाय, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून तो आज पहिल्यांदाच ऐकत होता. लांब गेलेलं आपलं माणूस अचानक रस्त्यात भेटावं तसं त्याला झालं, आणि तो प्लास्टिक करकर वाजवत सोफ्यावर बसला.

"आजी, जरा पॉलिश करून देतो. काढता का कवळी?" तो म्हणाला. खोटं बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आजींनी काही न विचारता कवळी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याबरोबर त्यांचे गाल आत गेले, ओठ मिटले, आणि खुर्चीत एक एवढीशी म्हातारी उरली. मुलगा टपलेलाच होता.

"आई, मग मागची खोली ठरली ना? चालेल ना?"

आजींनी तोंड उघडलं. त्यातून बुळबुळीत, मऊ असं काहीतरी आलं.

"चालेल म्हणाली!" मुलगा आत बघून बायकोला ओरडला. "अगं, आई चालेल म्हणाली!"

आता बोळक्या तोंडाची भाषा त्या घरात फक्त कवळीवाल्याला येत होती. रोज सकाळी दात लावण्याआधी तो तीच बोलतो. आजी म्हणाल्या होत्या, "आधी माझे दात द्या."

त्याच्या एका हातात राक्षसीण होती, खिशात ती माफी मागणारी डबी. डबी पुढे केली की काम फत्ते. घरी जायचं, आरशापुढे उभं राहायचं, आणि राक्षसीण दरबारात काय म्हणते ते ऐकायचं. एवढ्यासाठीच तर इतक्या शिंका काढल्या होत्या. त्याने आजींकडे बघितलं. त्या हात पुढे करून बसल्या होत्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांना उत्तर देता येत नव्हतं.

"त्या चालेल असं म्हणाल्याच नाहीत," कवळीवाला म्हणाला. "दात मागताहेत." आणि त्याने राक्षसिणीची कवळी त्यांच्या हातावर ठेवली.

"अहो, हे नव्हेत!" मुलगा किंचाळला. "ते दुसरे!"

"हेच त्यांचे आहेत. मी केलेत, मला ठाऊक."

आजींनी सावकाश कवळी बसवली. आधी वरची, मग खालची. एकदा चावून बघितलं. तिरका सुळा ओठाबाहेर किंचित दिसला. मग त्या मुलाकडे वळल्या.

"जागा तुला पाहिजे ना? मग तू जा मागच्या खोलीत. सोफे घेऊन जा. तिथे गपचूप पडून राहा. मला भूक लागली, की हाक मारीन तुला."

एवढा धिप्पाड माणूस, पण दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकला. दारात उभी असलेली सून तोंडाला पदर लावायलाही विसरली आणि खदखदून हसत सुटली. कवळीवाल्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आरशापुढे उभं राहून त्याने हजारो वाक्यं बोलून बघितली होती. त्यातलं एकही या वाक्याच्या जवळपास फिरकलं नव्हतं.

"आजी," तो चाचरत म्हणाला, "मी गोष्टी लिहितो. माझ्या पुस्तकात एक राक्षसीण आहे. राजाला तिची गुहा पाहिजे, तो तिला हेच म्हणतोय, मागच्या खोलीत राहा म्हणून. तिला उत्तर सुचत नाहीये. तुमचं हे वाक्य मी घेऊ का?"

आजींनी विचार केला. "बाई कशी आहे?"

"फार चांगली आहे हो."

"मग वाक्य घ्या," आजी म्हणाल्या. "दात मिळायचे नाहीत."