तांबडी गाडी, नंबर १९९१

मस्कतच्या रुवी भागातल्या त्या फोटो स्टुडिओत एक तांबडी मोटारसायकल उभी होती. इंजिन नसलेली. अर्बाबानं, म्हणजे दुकानाच्या अरबी मालकानं, तिला कधीतरी वाळूत घालून तिची वाट लावली आणि ‘खलास’ म्हणून दुकानात आणून टाकली. तिथं फोटो काढायला असलेल्या रामकृष्णानं तिला फडक्यानं घासली, टायरात हवा भरली, पुठ्ठ्याची नंबरपाटी केली आणि वर रंगवलं, १९९१. तो मस्कतात उतरला ते साल. मागं पडदा होता, त्यावर माड आणि बर्फाचा डोंगर शेजारीशेजारी. पुढ्यात टेबलफॅन. गिऱ्हाईक गाडीवर बसलं की फॅन सोडायचा, कॉलर फडफडली की कॅमेऱ्याचं बटण दाबायचं. घरच्यांना वाटावं, आपला झील, आपला लेक, वाऱ्यावर स्वार आहे.

शुक्रवारी सुट्टीला रांग लागायची. गवंडी, सुतार, हॉटेलात कांदे कापणारे, सगळे आंघोळ करून, केसांना तेल चोपडून. फोटो कुठं जातो, कुणाच्या घरी जातो, हे रामकृष्णानं कधी विचारलं नाही. तो देवगडकडचा, अठ्ठावीस वर्षांचा, शिडशिडीत, एका जागी ढुंगण न टेकणारा. प्रिंट काढायच्या मशीनपाशी उभा असला तरी एक पाय हलत असायचा.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्याचा दुसरा पायही हलायला लागला. मदिनत सुलतान काबूस या साहेबांच्या वस्तीत राहणाऱ्या एका इंजिनिअरानं बँकॉक आणि सायगॉनहून आणलेले चार रोल धुवायला टाकले. मशीनमधून एकेक फोटो बाहेर यायला लागला आणि रामकृष्ण जेवायचा राहिला. नुसत्या स्कूटरी आणि मोटारसायकली! एकीवर नवरा, बायको, तीन पोरं. एकीवर पिंजऱ्यात कोंबड्या. एक बाई कोपरापर्यंत हातमोजे घालून, पदराएवढं फडकं तोंडाला बांधून सुसाट. मागची दुकानं, खांब, माणसं सगळं फरफटून पुसलेलं, आणि गाडी मात्र लख्ख. कागद हातात धरला तरी ती थांबत नव्हती.

“ह्यां कसां जमता?” त्यानं इंजिनिअराला विचारलं, मग जीभ चावून हिंदीत विचारलं.

“शटर तीसपर, यानी धीमा, और गाडीके साथ घूम जाने का,” इंजिनिअर म्हणाला. “कमरसे.”

त्या दिवसापासून स्टुडिओतली तांबडी गाडी रामकृष्णाला मेलेल्या बैलासारखी दिसायला लागली.

आणि तेवढ्यात गावाहून बहिणीचं, सुगंधाचं पत्र आलं. जयवंतीच्या घरी त्याचं स्थळ सांगितलेलं होतं. जयवंतीला त्यानं गेल्या सुट्टीत आठवडी बाजारात पाहिलेली. सुक्या बांगड्यांच्या भावावरून ती एका कोळणीशी भांडत होती, आणि जिंकली होती. तेव्हापासून दुसरी कुठली मुलगी त्याच्या डोक्यात बसलीच नाही. सुगंधानं लिहिलं होतं:

‘तू पाठवलेला फोटो दिला. पण मेल्या, त्यांच्याकडे मस्कतातून आणखी दोन स्थळांचे फोटो आधीच आले होते. तिन्ही नवरे एकाच तांबड्या गाडीवर! नंबरसुद्धा तोच. तिचा बापूस म्हणता, चेडू त्या गाडयेकच देवया काय? सगळी वाडी हसली. जयवंती मात्र हसली नाही. तिचा निरोप आहे की तुझा काय तो खरा फोटो पाठव. चतुर्थीच्या आत. कुडाळचं एक स्थळ खोळंबून आहे.’

तिघांचेही फोटो रामकृष्णानंच काढले होते. स्वतःचा तर टायमर लावून, तीनदा कॉलर नीट करून.

खरा फोटो म्हणजे कसला? मशीनपाशी उभा राहिला तर कारकून दिसे. समुद्रावर उभा राहिला तर रिकामटेकडा. शेवटी तो जितेशकडे गेला. जितेश कणकवलीचा, एका हॉटेलची जेवणं होंडावरून घरोघर पोचवायचा. गाडीच्या मागं डबे ठेवायची पेटी.

“तुझ्या गाडयेर बसतंय. एक फोटो काढ माझो.”

“परत बसलेलोच?” जितेश खो खो हसला. “रामकृष्णदादा, तुका गाडी चालवूक तरी येता काय?”

येत नव्हतीच. पण परतताना त्याचं डोकं फिरलं ते वेगळ्याच दिशेला: आपला नव्हे, आपण काढलेला फोटो पाठवायचा, पळत्या गाडीचा. दुसऱ्या दिवशी तो जितेशला म्हणाला, “तू नुसतो ये-जा कर. मी रस्त्यार उभो रवान तुझो फोटो काढतंय.”

मग सुरू झालं. दुपारच्या सुट्टीत, उन्हानं डांबर मऊ झालेलं, रामकृष्ण रुवीच्या रस्त्याकडेला पाय फाकवून उभा. मस्कतात दुचाकी विरळा, सगळ्या मोटारीच. मध्येच एखादी मोटार आडवी येई. तीत बायका बसलेल्या दिसल्या की कॅमेरा झटकन खाली. हा तिथला पहिला नियम, तो मोडला तर नोकरी जाऊन पासपोर्टवर हद्दपारीचा शिक्का. पहिला रोल वाया गेला. दुसऱ्यात जितेशचं नुसतं हेल्मेट, तिसऱ्यात पेटी. जितेश वैतागला. “जेवाण गार होता रे! बौशरचो साहेब माझी आवस काढता.”

“यल्ला, आणखी एकदा!”

चौथा रोल संध्याकाळी पाच वाजता. ऊन पाठीवर घेऊन तो गाडीबरोबर कमरेतून वळला, एकदा, दोनदा, दहादा. धुतल्यावर एकच फोटो जमला होता. मागची दुकानं पुसलेली, जितेश लख्ख, पेटीवरचा ओरखडासुद्धा दिसे. पण खाली रस्त्यावर रामकृष्णाची स्वतःची लांबलचक सावली पडली होती. कोपरं बाहेर, गुडघे वाकडे, कंबर पिळलेली. धंद्यात असला फोटो फाडून टाकतात. गिऱ्हाइकाला दाखवायचीही लाज. त्यानं फाडायला दोन बोटं लावली, आणि कॅलेंडर पाहिलं. चतुर्थीला एकवीस दिवस.

मागं पेनानं लिहिलं: ‘गाडी जितेशची. वरचा माणूसही जितेशच. माझी फक्त खालची सावली.’ आणि गावी निघालेल्या एकाच्या बॅगेत लिफाफा कोंबला.

पुढचे दिवस तो दुकानात मांजरासारखा घिरट्या घालत होता. पासपोर्ट फोटोत एका केरळी माणसाचं कपाळच कापलं. अर्बाब डोळे वटारून गेला. दहाव्या दिवशी गावच्या दुकानातल्या फोनवरून सुगंधा लायनीवर आली आणि काही न सांगता फोन दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात दिला.

“सावलेची ढोपरां वाकडी कित्याक?” पलीकडून बाईमाणसाचा आवाज. कोळणीशी भांडणारा तोच.

रामकृष्ण फोन धरूनच कमरेतून वळला. “गाडयेबरोबर वळूचा लागता. सरळ उभ्या रवल्यार फोटो हलता.”

“आणि उन्हात कितके दिवस?”

“चार... चार रोल.”

“त्या दिसांनी जेवलात की नाय?”

“नाय.”

लाईन खरखरली, मिनिटं पळत होती. मग ती म्हणाली, “चतुर्थीक येवा. पण आदी त्या तांबड्या गाडयेचो नंबर पुसून टाका. आमच्या वाडीत अजून चार चेडवां लग्नाची आसत.”

रामकृष्णानं काळ्या रंगाचा डबा उघडला आणि १९९१ वरून ब्रश फिरवला. पाटी अजून ओली होती तोच एक नवा गवंडी तेल चोपडून आत आला. गाडीवर बसला, बोटाला काळं लागलं तशी ओरडला, “अरे, नंबर खय गेलो?”

“तुझो तूच रंगव,” रामकृष्ण म्हणाला, आणि फॅन बंद करून, कॅमेरा गळ्यात घालून रस्त्यावर उतरला. जितेशची होंडा येण्याची वेळ झाली होती.