गुणवंतभाऊंचा सत्कार

"शाल आणली आहे मॅडम. श्रीफळ आणलं. आता नाही म्हणू नका," प्राचार्य म्हणाले.

"सर, त्या मुलीला तरी विचारा."

"विचारलं. हो म्हणाली."

"आणि तिच्या बाबांना?"

"सत्कार कशाचा, ते त्यांना सरप्राइज!"

कप्पाळ! मी केबिनमधून उठले आणि थेट प्रतीक्षाला शोधायला निघाले.

मी बाळापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. राहते अकोल्याला, जठारपेठेत. माहेर चांदूर बाजारचं, म्हणून जीभ तिखट आहे असं स्टाफरूममध्ये म्हणतात. म्हणोत बापडे. त्या दिवशी ती चालवूनही काही उपयोग झाला नाही, याचा राग मला अजून आहे.

बी.ए. फायनलला आमच्याकडे सेमिनार असतो. विद्यार्थ्यानं वर्गापुढे उभं राहून अभ्यासाला लावलेल्या एका पुस्तकावर बोलायचं, त्याला मार्क. त्या वर्षी एक आफ्रिकन कादंबरी होती, नायजेरियातल्या इग्बो लोकांची. त्यांच्यात याम नावाचा कोनफळासारखा कंद असतो. ते पुरुषाचं पीक. ज्याचं यामचं कोठार भरलेलं, तो खरा मर्द. आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कसावा, तो बायकांचा. नायक यामचा मोठा शेतकरी. बायको आजारी पडते, तेव्हा हा गाव उठायच्या आत जाऊन तिच्या कसावात खुरपणी करून येतो. गावात तेव्हा नवं चर्च आलेलं असतं. पादऱ्याला हे कळतं, आणि तो भर प्रार्थनेत याचं नाव घेऊन कौतुक करतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. पण गावातले पुरुष हसतात. दुसऱ्या दिवशी नायक कसावाचं उभं रान उपटून टाकतो आणि पुन्हा तिकडे पाय ठेवत नाही. पुरुषपण, परंपरा आणि बदल, असा दीर्घोत्तरी प्रश्न यावर हमखास येतो.

प्रतीक्षानं सुरुवात इंग्रजीत केली. पाठ केलं होतं, छान बोलत होती. "द हीरो इज नॉट अफ्रेड ऑफ डेथ. ही इज अफ्रेड ऑफ लाफ्टर." मग थांबली. कागद खाली ठेवला आणि वऱ्हाडीत घसरली.

"मॅडम, माह्ये बाबा असेच आहेत. आईले लकवा मारला तवापासून तेच तिले न्हाऊ घालतात. तिची वेणी घालतात. पयले दाराची कडी लावतात, मग फणी घेतात. बाहेर कोणालेच माईत नाही. मी करतो म्हटलं तं म्हणतात, तुही बस चुकते, तू जाय कॉलेजात."

पोट्टे मान खाली घालून बसले होते. मी म्हटलं, "हे इथंच राहील. एक शब्द बाहेर गेला तर गाठ माझ्याशी आहे."

पोरांनी शब्द पाळला. पण त्या दिवशी मागच्या बाकावर आमचे प्राचार्य बसले होते. कॉलेजची तपासणी करायला कमिटी येणार होती, म्हणून ते वर्गावर्गांत फिरत होते. रुमालानं डोळे पुसताना मी त्यांना पाहिलं. माणूस वाईट नाही हो. मनापासून सांगते, वाईट नाही. पण चांगलं काही दिसलं की त्याला शाल घातल्याशिवाय यांना चैन पडत नाही, आणि माइक हातात आला की भान राहत नाही. त्यातून महिला दिन तोंडावर आलेला.

प्रतीक्षा मला लायब्ररीत सापडली. चेहरा फुललेला.

"मॅडम, मी सरांना सांगितलं, वेणीचं अजिबात नका काढू. फक्त 'आदर्श पालक' म्हणा. ते म्हणाले, बरं."

"बाबांना काय सांगितलंस?"

"सत्कार आहे म्हटलं. त्यायले वाटून राहिलं, पटासाठीच असंन."

वाटणारच. तिचे बाबा गुणवंतभाऊ म्हणजे शंकरपटातलं मोठं नाव. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. भाऊंची जोडी सुटली की माणसं खाटांवर चढून पाहायची. भरदार मिशा, खर्जातला आवाज, आणि गावात त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. मी पुन्हा प्राचार्यांकडे गेले.

"सर, ठरल्याप्रमाणे 'आदर्श पालक' इतकंच बोला. तुम्ही तो सेमिनार ऐकला आहे."

"मॅडम, एवढाही विश्वास नाही का?"

महिला दिनाला भाऊ नवा फेटा बांधून आले. एकटे नाही, टेम्पोभर गाव घेऊन आले. पटातले सोबती, भावकी, दोनचार म्हातारे. प्रतीक्षा पहिल्या रांगेत बसली होती. शाल झाली, श्रीफळ झालं, फोटो झाला. टाळ्या पडल्या. मला वाटलं, सुटलो बुवा! तेवढ्यात प्राचार्यांनी माइक घेतला.

आधी 'आदर्श पालक' म्हणाले. मग खिशातून रुमाल काढला. "मित्रांनो, राहवत नाही म्हणून सांगतो. बैलांचा कासरा धरणारा हा राकट हात घरी काय करतो ठाऊक आहे? आपल्या आजारी पत्नीला न्हाऊ घालतो! तिची वेणी घालतो! हा खरा पुरुष!"

मग मागून, भाऊंच्याच सोबत्यांमधून आवाज आला, "काहून बे गुणवंता, अंबाडा बी जमते का?"

सगळा मंडप हसला. बाया हसल्या. माझ्या शेजारचा प्राध्यापकही हसला, त्याला मी कोपर मारलं. प्राचार्य टाळ्या वाजवत होते. त्यांना ते हसू कौतुकाचं वाटलं, आता बोला!

भाऊंनी शाल काढली, तिची नीट घडी केली, टेबलावर ठेवली आणि खाली उतरले. टेम्पोकडे गेलेच नाहीत. रस्त्यानं पायीच निघाले. प्रतीक्षा "बाबा, बाबा" करत मागे धावली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर ती कॉलेजात आली नाही. फोन बंद. परीक्षा जवळ आली, तशी मी स्कूटी काढली आणि गावात गेले. भाऊ गोठ्यात होते.

"पोरीला परीक्षेला तरी पाठवा भाऊ. पहिली येणारी पोर आहे."

"आता थे घरीच रायते म्याडम. बाईचं काम बाईनं करावं."

"लोक काय, दोन दिवस हसतील."

"तुमाले काय जाते बोलाले? मी पटात गेलो तं पोट्टे मांगून 'वेणीवाला' म्हणतेत. माह्या हाताखाली शिकलेले पोट्टे." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोरीनंच सांगितलं ना? माह्या पोरीनंच."

मी घराकडे वळले.

आत प्रतीक्षा आईला भरवत होती. मला पाहून रडली नाही. फक्त विचारलं, "मॅडम, पेपर कधीपासून आहेत?" मी तारीख सांगितली. तिनं मान हलवली आणि पुढचा घास कालवला.

निर्मलाबाई, म्हणजे तिची आई, खाटेवर होत्या. डोक्याचे केस वेडेवाकडे कापलेले. बैलांच्या शेपटीचे केस कापायची कात्री असते, तिनं भाऊंनी स्वतः कापले होते. वेणीच नको, की प्रश्नच नको. मी त्या केसांकडेच बघत राहिले. बाईंना ते कळलं असावं. जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "केसाचं काय घेऊन बसल्या म्याडम? येतील. पन थे आता माह्यापाशी बसतच नाईत."

परत आल्यावर मी प्राचार्यांना सगळं सांगितलं. ते पांढरे पडले. रात्रभर झोपले नसावेत, कारण सकाळीच मला बोलावलं. "मॅडम, माझं चुकलं. आपण एक कार्यक्रम घेऊ आणि त्यांची जाहीर माफी मागू."

भीक नको पण कुत्रं आवर! मी त्यांच्यापुढे खरोखर हात जोडले. "सर, जाहीर काही नको. तुमच्या पाया पडते."

प्रतीक्षानं परीक्षा दिली नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्या कादंबरीवरचा प्रश्न पेपरात आला होता. पादऱ्याच्या कौतुकाचे परिणाम सविस्तर लिहा. पोरांनी पानंच्या पानं भरली. मी तपासली, मार्कही दिले.

आता सत्कार समितीत माझं नाव घालत नाहीत, कारण मी प्रत्येक वेळी एकच विचारते, ज्याचा सत्कार आहे त्याला काय काय बोलणार ते सांगितलं का? लोक वैतागतात. वैतागोत. एखादा माणूस आपल्या चालीनं बदलत असेल तर त्याला बदलू द्यावं, हारतुरे घेऊन त्याच्या मागे धावू नये. आपण टाळ्या वाजवून घरी जातो. त्याला त्याच गावात राहायचं असतं.