रोजचा एक गोळा

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्या श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावी एकट्याच राहत होत्या. शेजारीच राहणाऱ्या माझ्या चुलत दिरांनी त्यांना वेळेवर नगरला आणलं, म्हणून निभावलं. बोलणं लवकर सुधारलं. जरा जास्तच लवकर, असं माझा नवरा म्हणायचा. पायही हळूहळू चालू लागला. उजवा हात मात्र जिथे ठेवाल तिथे पडून राहायचा. बोटांना गरम-गार कळत नव्हतं. डोळे मिटून त्या हातात काही दिलं तर चमचा आहे की किल्ली, ते सांगता यायचं नाही.

आमच्या नगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांना कशाची कमी नव्हती, आणि तिथे त्यांना एक दिवसही राहायचं नव्हतं.

"हितं खिडकीतनं निस्त्या गाड्या दिसत्यात," त्या म्हणायच्या. "मानूस दिसलंच तर ते बी गाडीवर."

गावी त्यांचं दोन खोल्यांचं घर, दारात शेवगा, संध्याकाळी ओट्यावर जमणाऱ्या बायका. रोज त्या जायचा विषय काढायच्या आणि रोज नवरा काहीतरी कारण सांगायचा. एकदा वैतागून तो म्हणाला, "आई, ज्या दिवशी स्वतःची भाकरी स्वतः थापशील ना, त्या दिवशी गाडी काढतो."

"शब्द देतोस?"

"दिला."

त्याने शब्द दिला तो विषय मिटवायला. हाताचं खात्रीने कुणीच काही सांगत नव्हतं. सासूबाईंनी मात्र तो धरूनच ठेवला.

हाताचे व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिने पिळायला पिवळा रबरी चेंडू दिला होता. सासूबाईंनी तो दोन दिवस दाबला आणि सोफ्याखाली सोडून दिला.

"ह्यो चेंडू दाबून कुनाचं पोट भरतंय?"

मुलगी हसली. "आजी, चेंडू नको तर नको. पण काहीतरी करा. थोडं करा, रोज करा."

मी म्हटलं, मग पीठच मळू दे.

मी एका पतसंस्थेत नोकरी करते. सकाळी मला फार वेळ नसतो, म्हणून मी एक काम दुसऱ्याला बांधून टाकते. दूध तापत ठेवलं की झाडांना पाणी, कुकर लावला की कपडे मशीनमध्ये. म्हणजे आठवण ठेवावी लागत नाही आणि मनात आहे की नाही, हा प्रश्नच येत नाही. सासूबाईंचंही तसंच केलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला की त्यांच्यापुढे परात. मूठभर ज्वारीचं पीठ, पाण्याचा तांब्या, एक गोळा. एकच. दुसरा मागितला तरी द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. दमलेला माणूस दुसऱ्या दिवशी टाळतो.

सुरुवातीला तो हात पिठात नुसता फिरायचा, तोही डाव्या हाताने ढकलल्यावर. पाणी जास्त व्हायचं, गोळ्याचं पिठलं व्हायचं. आम्ही ते फाटकापाशी येणाऱ्या गाईला घालायचो.

"गाय लठ्ठ झाली बघ माझ्या जिवावर," त्या म्हणायच्या.

नवऱ्याची तऱ्हा वेगळी. तो रविवारी आईसमोर मांडी घालून बसायचा आणि तास-तासभर तिच्याकडून मुठी वळवून घ्यायचा. स्वतः घामाघूम व्हायचा. सोमवारी तिचा खांदा दुखायचा आणि पुढच्या रविवारपर्यंत हा त्या हाताकडे बघायचाही नाही.

"तुज्या नवऱ्याला शाळेत बी असाच परीक्षेच्या आदल्या दिवशी जोर यायचा," त्या मला म्हणाल्या. तो ऐकत होता.

गोळा जमायला लागला. मग हाताचा तळवा उघडून त्यावर पडायला लागला, मग थोडा थोडा थापायला लागला. बशीएवढी भाकरी परातीत दिसू लागली आणि तिथेच सगळं अडलं. थापली जायची, पण उचलली की तुटायची. आज मधून, उद्या कडेने. किती दिवस हेच चाललं होतं. त्या काही बोलायच्या नाहीत, हे वाईट लक्षण होतं. मग एका सकाळी चहा झाला आणि त्यांनी परात पायाने बाजूला सारली.

"आज न्हाई."

"बरं," मी म्हटलं. "थापू नका. नुसता हात पिठात घाला आणि काढा."

"त्यानं काय व्हनार हाय?"

"काही नाही होणार. पण घाला."

माझ्याकडे रागाने बघत त्यांनी हात घातला. पिठात हात गेल्यावर त्या बाईला नुसतं बसवणार कसं? जरा वेळाने गोळा झाला होता. थापलाही, आणि उचलताना तुटलाही. पण दिवस चुकला नव्हता, आणि मला तेवढंच हवं होतं.

त्यानंतर काही दिवसांची गोष्ट. मी ओट्यापाशी डब्यांत भाजी भरत होते. मागून आवाज आला, "ह्या पिठाची विरी गेलीय."

ज्वारीचं पीठ फार दिवस पडलं की त्यातला चिकटपणा जातो, त्याला विरी जाणं म्हणतात. असल्या पिठाची भाकरी थापता येते, पण उचलली की तुटते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. उन्हाळ्यात पाहुणे येणार म्हणून जास्तीचं दळलेलं पीठ फ्रिजवरच्या डब्यात उरलं होतं आणि मी ते सरावाला काढून ठेवलं होतं. गाईलाच तर घालायचं होतं, त्याला ताजं पीठ कशाला? त्यापुढे माझं डोकं गेलंच नव्हतं.

"कवा दळलंय हे?"

"उन्हाळ्यात."

"आन ह्याच्यावर माज्या हाताची परीक्षा घेताय व्हय गं?"

मी उत्तर जुळवायला लागले आणि थांबले. गॅस बंद करून त्यांच्यासमोर येऊन बसले. त्या अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होत्या, उजव्या हाताची.

"आई, डोळे मिटा."

मी त्या हातावर रोजच्या डब्यातलं पीठ ठेवलं. त्यांनी चोळून बघितलं. "हे ताजं." मग जुनं ठेवलं. "हे ते मुडदं. झालं समाधान?" डोळे उघडून त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे.

ताज्या पिठाची भाकरी कडेला फाटली, पण अखंड उचलली गेली आणि तव्यावर पडली. नवरा अंघोळ करून बाहेर आला तेव्हा ती ताटात होती.

"गाडी काढ," सासूबाई म्हणाल्या.

तो हसला, मग त्याच्या लक्षात आलं. "एका भाकरीनं काय होतं? तिकडं एकटी..."

"शब्द तू दिला होतास," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शत्रूला जाऊन मिळाले होते. त्या जाव्यात असं मलाही वाटत नव्हतं. सकाळी घरात भांडायला कुणीतरी असलं की बरं वाटतं. पण त्या गोळ्यामागे त्या ज्यासाठी लागल्या होत्या ते त्यांना मिळायला हवं होतं.

शेवटी तडजोड झाली. दोन्ही वेळची भाकरी स्वतः करता येईपर्यंत थांबायचं. त्या थांबल्या, आणि तो दिवस आला तेव्हा नवऱ्याने मुकाट्याने गाडी काढली. उसाच्या ट्रॅक्टरांमागून हळूहळू जात आम्ही गावी पोचलो. चुलत जावेने घर झाडून ठेवलं होतं. सासूबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. परात धुतली, बसल्या, थापली, भाजली. पहिली भाकरी मुलाच्या ताटात टाकली.

"जाड झालीय," तो मान खाली घालूनच म्हणाला.

"खा. पुढच्या बारीला पातळ करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरच्या घरी चहा पिऊन झाल्यावर मला काही सुचेना. त्यांना फोन लावला.

"काय करताय?"

"पिठात हात हायत. फोन ठेव."